तीनशे ओळी

मतं पडली दोन विरुद्ध दोन, आणि मग आम्ही सगळे ताईकडे बघत बसलो.

आम्ही पाच जण मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळायचो. तिचं नाव सांगितलं तरी कुणाला ओळख पटणार नाही, कारण ती लोकांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात नसते. ती असते लिफ्टच्या मशीनखोलीत, तिकिटाच्या यंत्रात, पंपाशेजारच्या पेटीत. भिंतीला आवळलेल्या त्या राखाडी खोक्यांत, ज्यांच्याकडे बंद पडेपर्यंत कुणी ढुंकूनही बघत नाही. आमचं ऑफिस म्हणजे टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली टाइल कापायला घेतली की वर आमची बोलती बंद.

त्या दिवशीचा प्रश्न होता, लॉग कुणी लिहायचा. खोकं चालू असताना आत जे जे घडतं, म्हणजे दार उघडलं, पंखा सुरू झाला, तापमान चढलं, तार सैल झाली, ते ओळीओळीनं लिहून ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. आमच्याकडे असे दोन होते. त्यातला एक डिफॉल्ट म्हणून द्यायचा होता, म्हणजे मुद्दाम काही न करता जो आपोआप बसतो तो. दुसरा ज्याला हवा त्यानं नंतर बसवून घ्यावा. तसं कुणी करत नाही, हे आम्हा पाचही जणांना ठाऊक होतं.

जुना प्रोग्रॅम आबांचा. आबा आमच्यात सगळ्यात मोठे, त्यांनी तो बावीस वर्षांपूर्वी लिहिला होता. येईल ती ओळ तो जशीच्या तशी उतरवून घ्यायचा, मग ती कामाची असो नाहीतर बिनकामाची. त्यामुळे डिस्क भरायची आणि डिस्क भरली की खोकं ठप्प. नवा प्रोग्रॅम चष्मिसचा. चष्मिस म्हणजे आमच्यातला सर्वांत हुशार माणूस, फक्त बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायचा. त्याचा प्रोग्रॅम नीटनेटका होता. एकाच ठिकाणाहून ओळींचा भडिमार सुरू झाला की ठरावीक आकड्यानंतर तो कान बंद करून घ्यायचा, आणि भडिमार थांबला की "इतक्या ओळी गाळल्या" असं लिहून पुन्हा ऐकायला लागायचा.

चष्मिस आणि कॅप्टन नव्याच्या बाजूनं. कॅप्टन म्हणजे आमचे प्रमुख. कधी काळी कुठल्याशा टीमचे कर्णधार होते म्हणे. आबा जुन्याच्या बाजूनं, आणि मीही. माझं कारण सांगायला लाज वाटते. माहितीपुस्तिका मी लिहायचे, आणि एकशे चाळीस पानं पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला होता.

राहिली ताई. ती आमच्या कुणाचीच बहीण नव्हती, पण तिचा धाकटा भाऊ एकदा ऑफिसात येऊन "ताई, ताई" करत गेला आणि तेव्हापासून आम्हीही तिला ताईच म्हणू लागलो. बाहेरून येणाऱ्या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम तिचं. डिस्क भरून बंद पडलेल्या प्रत्येक खोक्याच्या मालकाच्या शिव्या गेली नऊ वर्षं तिनंच खाल्ल्या होत्या.

मत देण्याआधी आबांनी एकच विचारलं. "ओळी गाळल्या हे तू लिहितोस ना?"

"लिहितो की," चष्मिस म्हणाला.

"कधी?"

"भडिमार संपल्यावर."

"आणि तो संपायच्या आधीच वीज गेली तर?"

चष्मिसनं बुटांकडे बघितलं. "असं कितीदा होणार आबा?"

कॅप्टन हसले. मी हसले. ताईही हसली, पण तिचं हसणं थकलेलं होतं. मग ती म्हणाली, "नवा." बस, एवढंच. आबांनी चहाचा कप विसळला, पालथा घातला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. महिनाभरानं लेकीकडे राहायला गेले.

आकडाही ताईनंच ठरवला. मिनिटाला किती ओळींनंतर कान बंद करायचा? चष्मिसला शंभर हवा होता, कॅप्टन म्हणाले हजार. ताईनं कपाटातली सहा खोकी काढली, आठवडाभर टेबलावर चालवली, एकशे ऐंशीच्या वर एकही गेलं नाही. "तीनशे ठेवू, हात राखून," ती म्हणाली. मी पुस्तिकेत लिहिलं: तीनशे.

सुरुवातीचे काही महिने आम्हाला कौतुकाची पत्रं येत होती. डिस्क भरायची थांबली. तक्रारी इतक्या कमी झाल्या की ताई दुपारी वेळेवर जेवायला लागली. मग एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं पत्र आलं. लिफ्ट मध्येच अडकली, आत दोघं चाळीस मिनिटं होती, कुणीतरी घाबरून मेन स्विच पाडला. आणि आता लॉगमध्ये बघतो तर अडकल्याची एक ओळही नाही. ताईनं सभ्यपणे कळवलं की तीनशेचा आकडा बदलता येतो, पान क्रमांक अमुक बघा. त्या माणसानं पुन्हा लिहिलं. "आकडा मरू दे. गाळणार असाल तर गाळायच्या आधी लिहा, की आता गाळतोय." ताईनं ते पत्र कामांच्या यादीत टाकलं आणि पुढे लिहिलं, नंतर.

हे सगळं मला तिनं पुढे सांगितलं. काही तर मी डोळ्यांनी पाहिलं.

तिचा भाऊ फळांच्या एका मोठ्या शीतगृहात ऑपरेटर होता. तिथं नुसता गारवा नसतो. फळं वर्षभर ताजी राहावीत म्हणून खोल्या हवाबंद करतात, आत नायट्रोजन सोडतात आणि प्राणवायू जवळजवळ संपवतात. खोली दिसायला अगदी साधी. रंग नाही, वास नाही, डोळ्यांत काही जात नाही. पण तशा खोलीत पाऊल टाकलं तर माणूस दोन श्वासांत खाली. म्हणून माल काढायच्या आधी खोलीत हवा भरतात, प्राणवायू पुरेसा झाला की बाहेरच्या पॅनेलवर हिरवी पट्टी येते, आणि मगच दार उघडायचं.

एका रविवारी तो जेवायला आला होता. आई भांडी आवरत होती. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे नवीन पेट्या बसवल्यात. आधीचं पॅनेल दिवसभर बडबडायचं. आता एकदम गप्प."

"कुठल्या पेट्या?"

त्यानं फोनमधला फोटो दाखवला. ताईनं कोपऱ्यातली खूण ओळखली. "अरे, ही तर आमची! बडबड मीच बंद केली तुमची."

"तू?" तो हसला. "मग बरोबर. मला घरातही कधी बोलू दिलं नाहीस." मग म्हणाला, "पण खरं सांगू? इतकं गप्प असलं की मला कसंसंच होतं. मी उठून खोल्यांच्या दारांवरचे प्राणवायूचे काटे बघून येतो तासा-तासाला. बाकीचे हसतात."

"फालतू तेवढं गळतं. महत्त्वाचं असेल ते येतंच," ताई म्हणाली.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! माझं काम आहे ते."

"तू म्हणतेस म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि त्यानं आणखी भात वाढून घेतला.

त्यानंतर तो फेऱ्या मारायचा थांबला. हे त्यानं चौकशीत सांगितलं नाही, ताईलाच सांगितलं, तेही फार नंतर.

सात आठवड्यांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, शीतगृहातल्या सहा नंबरच्या खोलीत एक माणूस मेला. तो तिथला फिटर. वय छप्पन्न, सगळे त्याला मामा म्हणायचे. माल काढण्यासाठी खोलीत आदल्या दिवसापासून हवा भरलेली होती, पॅनेलवर हिरवी पट्टी होती, आणि आतल्या पंख्याचा पट्टा घासत होता म्हणून मामा तो बघायला निघाले. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, "हिरवं आहे ना रे?" भाऊ पॅनेलसमोर बसला होता. तो म्हणाला, "हिरवं आहे मामा, जा."

आत नायट्रोजनचा एक व्हॉल्व्ह गळत होता. मामा बाहेर आले नाहीत म्हणून भाऊ दारापर्यंत धावला, आणि दारावरचा काटा बघून तिथंच खिळला. आत जाता येत नव्हतं. मास्क आणायला माणूस पळाला. कुणीतरी ओरडलं, सगळं बंद करा, आणि कुणीतरी मेन स्विच पाडला. मामांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या हातात पाना तसाच होता.

चौकशी बसली. पॅनेल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. त्यानं प्राणवायू मोजणारा सेन्सर उघडला. त्याची स्वतःची छोटी मेमरी असते. त्यात स्पष्ट होतं, नऊ वाजून अकरा मिनिटांनी सेन्सरनं धोक्याचा इशारा पाठवला होता. मामा आत गेले नऊ-चौदाला. पण पेटीतल्या लॉगमध्ये इशारा नव्हता. तिथं नऊ-सहाला एक ओळ होती, आणि तिच्याखाली थेट नऊ-एकतीसची, वीज परत आल्याची. मधली पंचवीस मिनिटं नव्हतीच.

कंपनीनं लेखी दिलं की इशारा आला, पडद्यावर दिसला, ऑपरेटरनं दुर्लक्ष केलं, आणि नंतर लॉगचा तेवढा भाग पुसून टाकला.

भावाला कामावरून घरी बसवलं. तो त्या लॉगची छापील पानं घेऊन ताईकडे आला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसला. दुपार होती. आईला वाटलं कसलातरी अर्ज भरतायत.

"तुझ्या भाषेतलं आहे ते. तूच वाच," तो म्हणाला. "मी पुसलेलं नाही, ताई. मला तर पुसायचं कसं तेही माहीत नाही."

ताईनं पानं ओढली. नऊ-सहाच्या आधी त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा आल्या होत्या: तापमान तीन अंश, तापमान मिळत नाही, तापमान तीन अंश, तापमान मिळत नाही. कुठलीतरी तार सैल झालेली. तिनं पेन्सिल घेतली आणि ओळी मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तीनशे.

प्राणवायूचा सेन्सर त्याच पेटीतून, त्याच प्रोग्रॅममार्फत बोलायचा, म्हणून लॉगच्या लेखी दोन्ही एकच ठिकाण. तापमानाची तार बडबडली आणि सगळ्यांवरच कान बंद झाला. पॅनेल बनवणाऱ्यांनी पडद्यावर लॉगच दाखवला होता. लॉगमध्ये शेवटचं जे होतं ते पडद्यावर हिरवं राहिलं. भडिमार थांबला असता तर "गाळल्या" अशी ओळ आली असती. तो थांबण्याआधी वीज गेली.

"मला माहीत आहे तू पुसलेलं नाहीस," ताई म्हणाली.

"कसं माहीत?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. आई आतून विचारत होती, चहा टाकू का. ताईनं भावाला सगळं सांगितलं. मतं, आकडा, लिफ्टवाल्याचं पत्र, त्याच्यापुढे लिहिलेलं नंतर. संपल्यावर त्यानं पानं गोळा केली, कडा जुळवून घेतल्या, आणि आईनं आणलेला चहा उभ्या उभ्याच पिऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईनं दार लावून घेतलं आणि आम्हा तिघांसमोर टेबलावर एक खोकं ठेवलं. सैल तारेचा भडिमार सुरू केला, मध्येच धोक्याचा इशारा पाठवला, आणि प्लग खेचला. पुन्हा चालू केल्यावर लॉग उघडला. तीनशे ओळी आणि मग शून्य. तिनं तेच आणखी दोनदा केलं. खाली टाइल कापत होते.

शेवटी कॅप्टन म्हणाले, "हे बघ, आपण कुठंही हमी दिलेली नाही. पॅनेलनं लॉगवर विसंबायला नको होतं. आकडा त्यांना बदलता आला असता. यातलं काही खोटं आहे का?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग लेटरहेडवर एक अक्षर लिहायचं नाही. आपण पाच होतो, आता चार आहोत. हे बाहेर गेलं तर एकही उरणार नाही."

"मी लेटरहेडवर लिहीतच नाहीये. मी स्वतः जाणार आहे."

"भावासाठी."

"तो माझा भाऊ नसता तर मी ते पत्र आजही नंतरवरच ठेवलं असतं," ताई म्हणाली. "याचीच मला भीती वाटते."

चष्मिस तोवर भिंतीला टेकून उभा होता. पहिल्यांदाच त्यानं कुणाच्या बुटांकडे न बघता थेट ताईकडे पाहिलं. "खोकं मी उचलतो," तो म्हणाला. "जड आहे."

चौकशीच्या खोलीत मीही गेले होते, मागच्या बाकावर. तीन अधिकारी, कंपनीचा वकील, भाऊ, आणि एका कडेला मामांची बायको, जिला सगळे मामी म्हणत होते. ताईनं आपलं काम सांगितलं, आकडा कुणी ठरवला ते सांगितलं.

वकिलानं विचारलं, "तुम्ही यांच्या सख्ख्या बहीण ना?"

"हो."

"मग भाऊ सुटावा असं तुम्हाला वाटणारच."

"वाटतंच," ताई म्हणाली. "म्हणूनच माझ्या शब्दावर जाऊ नका. प्लग तुम्ही काढा."

चष्मिसनं खोकं टेबलावर ठेवून तोच भडिमार सुरू केला. मधल्या अधिकाऱ्यांनी स्वतः उठून प्लग खेचला, स्वतः लावला, आणि चष्मा कपाळावर सारून पडद्याजवळ वाकून बघितलं. मग बाजूच्या अधिकारी बाईंना म्हणाले, "तुम्ही करून बघा." त्यांनीही केलं. चार वेळा झालं. वकिलानं कागद चाळायला घेतले, पण कुठल्याच कागदावर त्याची नजर ठरत नव्हती.

तेवढ्यात मामी बोलल्या. आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा.

"ती जी ओळ आली नाही, तिच्यात काय लिहिलेलं असतं?"

त्या ताईकडेच बघत होत्या.

"खोली सहा," ताई म्हणाली. "प्राणवायू कमी. आत जाऊ नका."

"एवढंच?"

"एवढंच."

मामींनी मान हलवली. "ते वाचायचे सगळं," त्या म्हणाल्या. "पेपरातल्या जाहिरातीसुद्धा." आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या.

भावावरचा पुसल्याचा ठपका गेला. दुर्लक्षाचाही गेला. त्याला पुन्हा कामावर बोलावलं, पण तो त्या पॅनेलसमोर बसायला तयार झाला नाही. आता तो गोदामाच्या फाटकावर गाड्यांची नोंद करतो. ताईकडे येतो, आईशी बोलतो. ताईनं विचारलं तर उत्तर देतो. आपणहून काही विचारत नाही. पूर्वी "तू म्हणतेस म्हणजे झालं" हे त्याचं पालुपद होतं. ते तिला त्यानंतर एकदाही ऐकायला मिळालेलं नाही.

आबांचा फोन आला होता. मला वाटलं, आता ते म्हणणार, मी सांगत होतो. तसं ते काही म्हणाले नाहीत. ताईला म्हणाले, "माझा असता तर कुठंतरी डिस्क भरून बंद पडला असता आणि दुसरंच कुणी गेलं असतं. माझ्या हातून असं कुणी गेलं का, ते मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. विचारायला कुणी आलंच नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

चष्मिसनं दोन दिवसांत दुरुस्ती लिहिली. आता गाळण्याच्या आधी ओळ पडते, आणि धोक्याचा इशारा कधीच गाळला जात नाही. आम्ही ती सगळीकडे पाठवली. पण सगळीकडे म्हणजे कुठे? ज्या खोक्यांना बाहेरचं जग जोडलेलं आहे त्यांनी ती उचलली. बाकीची एकदा भिंतीला आवळली की आवळली. कुणी विकली, कुणी घेतली, कुठल्या पेटीत घातली, याची आमच्याकडे काही यादी नाही. कॅप्टनच्या अंदाजानं चाळीस हजार. चष्मिसच्या अंदाजानं त्याच्या तिप्पट.

ताईनं तक्रारी बघणं सोडलं आहे. ती आता फोन करते. जुनी पत्रं, जुने पत्ते, विक्रेत्यांचे नंबर, जे मिळेल त्यावरून. लिफ्टवाल्याला तिनं सर्वांत आधी केला. तो म्हणाला, ठीक आहे, माझ्या बत्तीस लिफ्टमधली खोकी मी बदलतो. रोज सकाळी दहा ते एक ती फोन करते, आणि मी तिच्या शेजारी बसून उत्तरं लिहून घेते. बहुतेक लोक वैतागतात. काहींना वाटतं आम्ही काहीतरी विकतोय.

काल एका ठिकाणी एक बाई बोलल्या. कसलासा कारखाना होता, मागं यंत्रांची घरघर ऐकू येत होती. ताईनं नेहमीचं सगळं सांगितलं. त्या बाई समजूतदार होत्या, शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे हो," त्या म्हणाल्या. "तुमचं ते पॅनेल माझ्या समोरच आहे. काहीच आलेलं नाही त्यावर."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "शेवटची ओळ कधीची आहे, तेवढं सांगता का?"

"थांबा हं." थोडा वेळ गेला. "मंगळवारची."

त्या दिवशी शुक्रवार होता.

"ऐका," ताई म्हणाली, "आत्ता त्या बाजूला कुणी काम करतंय का?"

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, फोन टेबलावर ठेवल्याचा आला, आणि मग भराभर लांब जाणारी पावलं ऐकू आली. ताईनं फोन टेबलावर मधोमध ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं. आम्ही दोघी त्या घरघरीकडे कान लावून बसलो.